टाच तक्त्याप्रमाणे

सांधेसरांच्या पदरात पडायचं होतं ते असं: तळमजल्यावरची कोपऱ्याची खोली, जिला दोन दारं होती, म्हणजे नको असलेला माणूस एकातून आत आला की आपण दुसऱ्यातून बाहेर, गाडी उभी करायला छपराखालची जागा, दारावर पितळी पाटी आणि तिच्यावर 'संचालक', आणि या सगळ्यावर कडी म्हणजे निवृत्तीचं वय उलटल्यावरही हक्काची पाच वर्षं. बदल्यात द्यायचं काय, तर एक मेलेली घोडी. तीही दुसऱ्याची. असा सौदा समोर आल्यावर जो माणूस विचार करायला वेळ मागतो त्याला व्यवहार कळत नाही, आणि सांधेसरांना शरीरशास्त्राच्या खालोखाल काही कळत असेल तर तो व्यवहारच. यातलं वर काय आणि खाली काय, याबद्दल विभागात दोन मतं होती.

गुरांच्या डॉक्टरांचं ते कॉलेज. सर तिथे तीस वर्षं खूर असलेल्या जनावरांच्या पायांचे सांधे शिकवत होते. त्यांना खरं नावही होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. कुणाच्या लग्नात, जेवताना, 'घोड्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो' असं कोणी सहज बोलून गेलं की सर आपलं ताट घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसत.

"अहो, तो गुडघा नव्हेच. तो घोटा. घोडा जन्मभर एकेका बोटाच्या नखावर उभा असतो. खरा गुडघा वर, पोटापाशी. आणि पुढच्या पायाला तुम्ही गुडघा म्हणता ते मनगट."

समोरच्याचा घास हातात राहायचा. त्यानंतर त्या माणसाला घोड्याकडे निवांत मनाने बघता यायचं नाही, आणि सरांकडे तर नाहीच.

सरांची सगळी कीर्ती एका तक्त्यावर उभी होती, आणि तक्ता एका पायावर. 'घोड्याचा मागचा डावा घोटा' असा तो तीनरंगी तक्ता, आवृत्ती अकरावी, असल्या प्रत्येक कॉलेजच्या भिंतीवर टांगलेला. मूळ चित्र काढलं होतं सरांच्या बायकोने. नवं लग्न, दोन खोल्यांचं घर, जेवणाच्या टेबलावर घोड्याच्या घोट्याची हाडं मांडलेली, आणि समोर बसून बाईंनी आठ दिवसांत पारदर्शक कागदावर ते हुबेहूब उतरवलेलं. तो कागद सर छापखान्यात घेऊन गेले आणि तिथल्या टेबलावर पालथा अंथरला. पारदर्शक कागदाला सुलटं-उलटं सारखंच. मग सरांनी आपल्या देखण्या अक्षरात त्यावर लिहिलं: ही आतली बाजू, ही बाहेरची. त्यामुळे झालं असं, की टाचेचं जे हाड जगातल्या यच्चयावत घोड्यांच्या घोट्यात मागे आणि बाहेरच्या अंगाला असतं, ते तक्त्यात आतल्या अंगाला गेलं.

बाईंच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

"अहो, हे उलटं छापलंय."

"किती प्रती झाल्यात माहितेय?"

"उलटं आहे म्हणतेय मी."

"दोन हजार," सर म्हणाले.

हाच त्यांचा युक्तिवाद, आणि तो पुरा पडला. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी दुरुस्ती करायची तर पहिली चूक होती असं म्हणावं लागलं असतं. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत चुकीला वयाचा मान मिळायला लागला होता.

अडचण तोंडी परीक्षेत यायची. सर हातात हाड न देता, छताकडे बघत विचारायचे, "टाचेचं हाड कुठल्या बाजूला?" ज्याने घोडा बघितला असेल तो म्हणायचा, बाहेर. सर हसून म्हणायचे, "पुढच्या वर्षी या." ज्याने तक्ता बघितला असेल तो म्हणायचा, आत, आणि डॉक्टर व्हायचा. दोन-चार वर्षांत पोरं शहाणी झाली. परीक्षेची टाच आत, दवाखान्यातली टाच बाहेर, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायची पद्धत पडली आणि वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे ती वही जाऊ लागली. कुणाचं काही अडलं नाही. घोड्यांनी परीक्षा कधी दिली नाही.

आता कॉलेजात नवं दालन झालं होतं. हाडांचं संग्रहालय. तपासणी समिती येऊन ते पाहणार, पसंत पडलं तर त्याला एक संचालक नेमणार, आणि तो संचालक कोण हे सगळ्यांना माहीत होतं, कारण सरांनीच ते सगळ्यांना सांगितलं होतं. निवृत्तीला तीन महिने उरलेले. सरांनी रंगाऱ्याला बोलावून समोरच्या भिंतीवर आपला तक्ता छतापर्यंत रंगवून घेतला. टाचेचं हाडच पुरुषभर उंच झालं. खाली नाव, तेही काही लहान नव्हतं. त्या भिंतीपुढे आता फक्त एक घोडा उभा करायचा होता.

घोडी मिळाली ती घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका बाईंकडून. बाई कमी बोलणाऱ्या. सव्वीस वर्षांची होऊन घोडी तबेल्यातच गेली, तेव्हा पुरण्याऐवजी त्यांनी कॉलेजला दिली आणि दानपत्रात एकच ओळ घातली: 'ती जशी उभी राहायची तशी उभी करावी.' सरांनी ती ओळ वाचली, 'भावना आहे' असं म्हणाले आणि सही केली. सही करण्यात सरांचा हात धरणारा आख्ख्या कॉलेजात कोणी नव्हता.

सांगाडा जोडणारे ते तारवाले. हाडं उकळायची, सोलायची, वाळवायची, भोकं पाडून तारेत ओवायची, हे काम त्यांनी सरांपेक्षाही जास्त वर्षं केलेलं. मागच्या अंगाला त्यांची खोली: एक मोठी टाकी, एक लांब टेबल, खिळ्याला टांगलेल्या पकडी, आणि असा वास की सर दारातूनच बोलत. तारवाल्यांची एक पद्धत होती. हाडं टाकीत जाण्याआधी प्रत्येक पायाची वेगळी कापडी पोटली, तिला पत्र्याची चकती, चकतीवर पाय आणि सांधा, आणि तेच सगळं एका जाड रजिस्टरात. घोट्यातच सहा-सात हाडं, एखादं मुठीएवढं, बाकीची आगपेटीएवढी. पोटली चुकली की घोडा चुकला. रजिस्टराच्या शेवटच्या रकान्यात विभागप्रमुखाची सही. तो रकाना विभागप्रमुख झाल्यापासून सरांनी न वाचता भरला होता.

समिती यायला नऊ दिवस असताना सर जोडणी बघायला आले. घोडी पुढून कमरेपर्यंत उभी झाली होती. मागचे दोन्ही पाय टेबलावर आडवे.

"हे बघा सर," तारवाल्यांनी डावा घोटा उचलला. "खालची ही हाडं एकमेकांना धरून एकच झालीत, खालच्या नळीच्या हाडासकट. दुखून दुखून. आतल्या अंगाला ही गाठ बघा, अर्ध्या लिंबाएवढी. आणि उजवा बघा, कसा मोकळा. बिचारी सगळा भार याच्यावर टाकत असणार."

सर गाठीकडे बघत नव्हते. ते घोट्याच्या मागच्या बाजूला बघत होते.

"तारवाले, हे बाहेर गेलंय."

"काय, सर?"

"टाचेचं हाड."

"तिथंच असतं ते."

"ते मला सांगू नका. हा सांगाडा कुठे उभा राहणार?"

"भिंतीपुढे."

"भिंतीवर काय आहे?"

"भिंतीवर आत आहे."

"मग?"

"मग भिंत पुसायची की घोडी?"

सरांना विनोद समजत नसत असं नाही, पण ते खालून वर आलेले समजत नसत. त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "डावा घोटा उजवीकडे लावा, उजवा डावीकडे. टाच आपोआप आत येईल. समितीतले तिघंही माझा तक्ता शिकून मोठे झालेत. एकीकडे तक्ता आणि एकीकडे सांगाडा, दोन्हीत दोन दिसलं तर काय म्हणतील?"

"बसणार नाही, सर." तारवाल्यांनी नडगीचं हाड उचलून त्याचं खालचं टोक दाखवलं. "या दोन खोबणी बघा, तिरक्या. आणि घोट्यातली ही कप्पी, हिचे कंगोरेही तसेच तिरके, बाहेरच्या बाजूला. एकमेकांत असे जातात." दोन्ही हाडं खट्कन जुळली. "अदलाबदल केली की ही एकीकडे तोंड करणार आणि ती दुसरीकडे. रुसल्यासारखी."

"पुट्टी भरा."

"अर्धा किलो जाईल."

"मग अर्धा किलो भरा. तुमच्या घरची आहे का?"

तारवाल्यांनी हाडं खाली ठेवली, हात पुसले, रजिस्टर उघडलं आणि बसून लिहिलं. सावकाश लिहिलं, कारण अक्षर लावून लिहायची सवय. 'बदल: मागचे दोन्ही पाय घोट्यापासून खाली अदलाबदल. कारण: विभागप्रमुखांची सूचना, तक्त्याप्रमाणे.' मग रजिस्टर फिरवून सरांपुढे ठेवलं.

सरांनी सही केली. झोकात.

त्या संध्याकाळी घरी सरांची भूक जरा बरी होती. बायकोने विचारलं, "जोडली का घोडी?"

"जुळवून घेतली."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं चित्र बरोबर आलं, असं समज."

बाई भांडी आवरत होत्या. "माझं चित्र बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते पालथं घातलंत."

"तीस वर्षं तेच."

"हो ना," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं तेच."

सरांनी वर्तमानपत्र उघडलं. ते त्यांनी सकाळीच वाचलं होतं.

समिती आली त्या दिवशी दालनात वार्निशचा वास होता. घोडी चकाकत होती. पुट्टी हाडाच्या रंगात रंगवून तारवाल्यांनी असं काम केलं होतं की कुणाला शंका येऊ नये, आणि कुणाला आलीही नाही. समितीतले दोघे सदस्य भिंतीकडे बघत, मग घोडीकडे, मग पुन्हा भिंतीकडे, आणि तेच तेच दिसलं की मान डोलावत. विद्वान माणसाला ओळखीचं काही दिसलं की तो त्याला पुरावा म्हणतो. तिसरे, समितीचे अध्यक्ष, तेवढे मान डोलावत नव्हते. टक्कल पडलेला, शांत माणूस. सरांचाच जुना विद्यार्थी, याची सरांनी त्यांना आल्या आल्या आठवण करून दिली होती. कुठल्या वर्षीचा, ते मात्र सरांना आठवलं नव्हतं.

"तक्ता आणि हाड," सर लांब काठी फिरवत म्हणाले, "यांत तसूभर फरक सापडणार नाही."

हे खरंच होतं.

घोडेस्वारीच्या बाई उशिरा आल्या, तबेल्यातूनच, पायात रबरी बूट. हातात कापडाचं गाठोडं. सरांनी दोन वाक्यांत त्यांचे आभार मानले आणि तिसऱ्यात स्वतःचे. बाई ऐकत नव्हत्या. त्या घोडीपाशी गेल्या, मागच्या डाव्या पायाजवळ खाली बसल्या, आणि त्यांचा हात आपणहून घोट्याच्या आतल्या बाजूला गेला. नऊ वर्षं रोज सकाळी दहा मिनिटं तो हात तिथेच असायचा, तेल चोळत. बोटं गाठ शोधू लागली. गाठ नव्हती. हाड गुळगुळीत होतं.

त्या उठून दुसऱ्या बाजूला गेल्या. उजवा घोटा चाचपला. आत काही नाही. बाहेरच्या बाजूला, जिथे काही असायचं कारण नव्हतं, तिथे अर्धं लिंबू हाताला लागलं.

"ही इथे कशी?" त्यांनी विचारलं.

"काय, बाई?"

"हिची गाठ. डाव्या पायाला होती. आतून."

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "आठवणीत गडबड होते, बाई. आपण जनावराला समोरून बघतो, मग त्याचं डावं ते आपलं उजवं वाटतं. भल्याभल्यांची चूक होते."

"मी समोरून नव्हते बघत. मी तिच्या पोटाशी बसलेली असायचे."

"तरीही."

बाईंनी गाठोडं सोडलं. आत चार नाल होते, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, नाल ठोकणाऱ्याच्या अक्षरात. घोडीपाशी मांडण्यासाठी बाईंनी ते आणले होते. त्यांनी एक उचलून अध्यक्षांच्या हातात दिला. 'मागचा डावा.' पुढचं टोक झिजून पात्यासारखं झालेलं.

"पाय उचलताना दुखायचं, म्हणून टोक घासत चालायची," बाई म्हणाल्या. "उजव्याचा बघा. नवा असल्यासारखा. आता मला सांगा, ही उभी केलीय ती कोण आहे?"

दालनात कुणी खोकलं. सरांच्या डोळ्यांपुढे खोलीची दोन दारं आली. इथे एकच होतं, आणि त्यात तारवाले उभे होते. म्हणून सरांनी तोच रस्ता धरला.

"तारवाल्यांचं वय झालंय," सर हळहळून म्हणाले. "नजर पूर्वीची राहिली नाही. उकळताना पोटल्या बदलल्या असणार. मी त्यांना सांभाळून घेत आलो, पण..."

तारवाल्यांनी काही मनाला लावून घेतल्याचं दिसलं नाही. "रजिस्टर आणू?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेले.

अध्यक्षांनी ती नोंद वाचली. आधी मनात, मग मोठ्याने. 'सूचना' या शब्दापाशी थांबले, 'तक्त्याप्रमाणे' पाशी जास्त थांबले, आणि सही सगळ्यांना दिसेल असं रजिस्टर धरलं. सही लांबूनही ओळखू येत होती. ती तशीच करायचा सरांचा परिपाठ होता.

मग अध्यक्षांनी रजिस्टर मिटलं, छताकडे बघितलं आणि विचारलं, "टाचेचं हाड कुठल्या बाजूला, सर?"

प्रश्न सरांना पाठ होता. उत्तर द्यायची वेळ मात्र पहिलीच. त्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर आत होतं. आत म्हणावं, तर समोर बाई नाल घेऊन उभ्या. बाहेर म्हणावं, तर भिंतीवर छतापर्यंत अकरा आवृत्त्या उभ्या.

"तक्त्याप्रमाणे..." सरांनी सुरुवात केली.

"तक्ता नको. घोडीप्रमाणे."

सरांनी घोडीकडे बघितलं. बघण्यासारखं तिच्यात त्यांना आजवर फारसं काही वाटलं नव्हतं.

"बाहेर," ते म्हणाले. इतक्या हळू, की मागच्या सदस्याने 'काय म्हणाले?' असं विचारलं आणि सरांना ते पुन्हा म्हणावं लागलं.

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले. "मीही तेच म्हणालो होतो. वर्ष सांगत बसत नाही, तुम्हाला आठवायचं नाही. या खोलीच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या खुर्चीवर बसून म्हणालो होतो." त्यांनी नाल जपून बाईंच्या हातात परत दिला. "संचालकपदाबद्दल समितीचं असं म्हणणं आहे सर, की पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी सर तिथे असणार नव्हते, हे अध्यक्षांना माहीत होतं. परीक्षक असताना सरांनीही कुणाला नापास झाल्यावर गावी शेती बघायला जावं लागणार आहे का, हे कधी विचारलं नव्हतं.

तर आता हिशेब. सरांना खोली मिळाली नाही, छपराखालची जागा मिळाली नाही. तीन महिन्यांनी एक निरोपाचा कार्यक्रम मिळाला, त्यात तक्त्याचा उल्लेख कुणीच केला नाही, हे सगळ्यांनी ठरवून केलं. अध्यक्षांना त्यांचं वर्ष परत मिळालं नाही, ते कुठल्याही रजिस्टरातून निघत नाही, पण त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली. बाराव्या आवृत्तीला सरांच्या बायकोचा मूळ कागद पेटीतून निघाला आणि सुलटा घातला गेला. खाली नाव सरांचंच राहिलं, कारण नावाची दुरुस्ती कुणी सुचवली नव्हती. रंगाऱ्याने भिंत दोन हात देऊन पांढरी केली. पावसाळी हवेत टाचेचं हाड अजूनही पुसट वर येतं म्हणतात, आतल्या बाजूला. तारवाल्यांचे सहा दिवस पुट्टी खरवडण्यात गेले, नखात शिरली ती वेगळी. वार्षिक अहवालात 'सांगाड्यात तांत्रिक दुरुस्ती, तारवाल्यांच्या हातून' अशी ओळ आली, म्हणजे चूकही त्यांच्याच नावावर बसली.

आणि घोडी. नऊ वर्षं तिने दुखऱ्या पायाचा भार चांगल्या पायावर टाकून काढली. मेल्यावर पंधरा दिवस कुणाच्या तरी तक्त्यासाठी तिचा तोच चांगला पाय काढून घेऊन दुखरा तिथे लावला. सोळाव्या दिवशी तारवाल्यांनी डावा घोटा डावीकडे नडगीखाली धरला, खट्कन आवाज झाला, आणि घोडेस्वारीच्या बाईंनी हात लावून बघितलं. गाठ जागेवर होती. तिने सोसून भरलेलं ते सगळं तिच्याच खात्यात राहिलं.